दोनपैकी दीड

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी बाईंच्या मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली आणि एकतीस वर्षं वर्गात वापरलेले सगळे शब्द एका फटक्यात गेले. उजवा हातही गेला होता, पण तो पुढे थोडा थोडा परत आला. निदान कप धरण्यापुरता. शब्द तेवढे आले नाहीत. उरले तीनच: "हो", "बरं" आणि "अगंबाई". त्यातही सगळा भार "हो"वर. चहा हवा का, तर हो. नको का, तर तेही हो. मानही त्या "हो"च्या मागोमाग हलायची, त्यामुळे मानेवरूनही काही कळायची सोय राहिली नव्हती.

बाई म्हणजे मिस्त्रींची बायको. शाळेतली मुलं त्यांना बाई म्हणायची, मग गल्ली म्हणायला लागली आणि शेवटी चारचौघांत मिस्त्रीही बाईच म्हणू लागले. स्वतः मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. तिथे मशीनच्या तेलाचा वास, पत्र्याच्या डब्यांतून वर्गवारी करून ठेवलेले स्क्रू, भिंतीवर टांगलेले चामड्याचे पट्टे. मधल्या खोलीत खिडकीशी बाईंची खुर्ची. दोन्ही खोल्यांमध्ये दार होतं, पण ते आठ महिन्यांत एकदाही लावलं गेलं नव्हतं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. तिनेच मिस्त्रींना समजावलं होतं की बाईंना ऐकलेलं सगळं कळतं, बाहेर पडायची वाट तेवढी बुजली आहे. आकड्यांची वाट वेगळी असते, ती शाबूत दिसते. पूर्वी त्यांना जे आवडायचं ते वाचून दाखवा, असं ती म्हणाली.

दुसऱ्या कुणी कादंबरी काढली असती. मिस्त्रींनी कपाटावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात बाईंनी वर्षानुवर्षं रचलेली शाब्दिक उदाहरणं होती, जुन्या तिकिटांच्या आणि औषधांच्या खोक्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली, उत्तर उलट्या बाजूच्या कोपऱ्यात. बहुतेक सगळी पैशांची. मुलं सफरचंदांची उदाहरणं झोपेत करतात, पैसे म्हटले की जागी होतात, असं बाई म्हणायच्या.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की मिस्त्री हात साबणाने दोनदा धुवायचे, चष्मा लावायचे आणि एक चिठ्ठी काढायचे. "एका पेटीत पाचची आणि दोनची मिळून चाळीस नाणी आहेत. एकूण रक्कम एकशे पंचवीस. तर प्रत्येक प्रकारची नाणी किती?" बाई डोळे मिटून ऐकायच्या. मग डाव्या हाताने, वाकड्या पण ठाम अक्षरांत वहीत लिहायच्या: ५क्ष + २(४० − क्ष) = १२५. मिस्त्री चिठ्ठी उलटून मागचं उत्तर बघायचे. पंधरा आणि पंचवीस. दर वेळी बरोबर. बाई मग वहीवरून नजर उचलून त्यांच्याकडे अशा बघायच्या की जणू परीक्षा मिस्त्रींचीच होती.

तशी ती एकदा झालीही होती. लग्नाला वर्ष झालं तेव्हा मिस्त्रींना एका कारखान्याच्या देखभाल खात्यात नोकरीची संधी होती. पण लेखी परीक्षेत बीजगणिताचा पेपर. हात मशीनमध्ये घातला की कुठे काय अडलंय ते बोटांना कळणारा हा माणूस, कागदावर मात्र पार हतबल. नव्या नवरीने त्याला शिकवायला घेतलं. पहिलंच उदाहरण घातलं: नवरा आणि बायको यांची मिळून कमाई पाचशे चाळीस, नवऱ्याची बायकोपेक्षा साठने जास्त, तर प्रत्येकाची किती? वाक्याचं समीकरण कर, एवढंच सांगितलं होतं. मिस्त्रींनी बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं: न + ब = घर.

बाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. तरी लाल पेनाने दोनपैकी शून्य द्यायला त्या विसरल्या नाहीत. वर समजावलं, "अहो, अक्षर म्हणजे माणूस नव्हे. माणसाच्या खिशातला आकडा. न म्हणजे नवरा नाही, नवऱ्याची कमाई. आणि घर कसं लिहिलंत? पाचशे चाळीस लिहा." मिस्त्रींना हे पटायचं आणि पुढच्या उदाहरणात ते पुन्हा तेच करायचे. दुकानदारासाठी द लिहिला की तो दुकानदार त्यांच्या डोळ्यांसमोर गल्ल्यामागे बसलेला दिसायचा. त्याला दोनने गुणायचं कसं? पेपर गेला तो गेलाच. मग हे दुकान निघालं. त्या शून्यावरून मात्र घरात पुढे छत्तीस वर्षं थट्टा चालली.

गेल्या रविवारी लेक आली होती. ती दुसऱ्या शहरात औषधांच्या एका मोठ्या दुकानात नोकरी करत होती. बाईंचीच विद्यार्थिनी, त्यामुळे बोलणं कमी आणि हिशेब पक्का. तिच्या घरापासून दोन रस्त्यांवर एक केंद्र होतं. तिथे अशा रुग्णांना दिवसभर सांभाळायचे आणि त्यांच्याकडून रोज व्यायाम करून घ्यायचे, इथल्यासारखे आठवड्यातून दोनदा नव्हे. आईला तिकडे न्यायचं, असं तिच्या मनात होतं. तिची जागा एका खोलीची. बाबांनी दुकान सांभाळावं आणि महिन्यातून एकदोनदा यावं.

मिस्त्री म्हणाले, इथेही चाललंय की. लेकीने मग जेवणाच्या टेबलावर खर्च वाचून दाखवला. दिवसभर थांबणाऱ्या मदतनीस बाईंचे नऊ हजार. बोलण्याच्या व्यायामाचे एका वेळचे सहाशे, महिन्याला आठ वेळा. औषधं एकवीसशे. घरखर्च अडुसष्टशे. आईचं निवृत्तिवेतन अठरा हजार चारशे. "वरचं कुठून येतं, बाबा? दुकानातून?"

"दुकान चाललंय," मिस्त्री म्हणाले. गेली चार वर्षं ते एवढंच म्हणत होते. नेमका आकडा त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता, बाईंनाही नाही. आजारपणाच्या आधीही नाही.

लेकीने मग सरळ आईलाच विचारलं. माझ्याकडे येशील? हो. इथेच राहायचंय? हो. तिने दोन कार्डं केली, एकावर तिच्या घराचं चित्र, एकावर या घराचं, आणि आईपुढे ठेवली. बाईंनी दोन्ही कार्डं बराच वेळ पाहिली आणि डाव्या हाताने दोन्ही बाजूला सारली. लेकीचे डोळे भरून आले. येत्या शनिवारी गाडी घेऊन येते, सामान बांधून ठेवा, असं सांगून ती गेली.

मिस्त्रींनी सोमवारी बॅग काढली. मंगळवारी ती परत माळ्यावर ठेवली. बुधवारी पुन्हा काढली. बाई बघत होत्या.

गुरुवारी दुपारी मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे चिठ्ठी काढली आणि वाचायला लागले. बाईंनी हात वर केला. वर्गात मुलांना गप्प करायच्या तसाच. मग वही ओढून घेतली आणि कुणी काही न वाचता, स्वतःच लिहायला लागल्या. बराच वेळ लागला. वहीवर एकच ओळ उमटली:

१८४०० + क्ष = ९००० + ८ × ६०० + २१०० + ६८००

आणि वही मिस्त्रींकडे फिरवली.

मिस्त्रींना वाटलं, डब्यातलंच कुठलं तरी उदाहरण आठवलं असेल. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. नाण्यांच्या पेट्या, तिकिटांच्या खिडक्या, वडिलांनी मुलांत वाटलेल्या रकमा, सगळं पाहून झालं. अठरा हजार चारशे कुठेच नव्हते. बाई शांतपणे बसून होत्या. आजवर मिस्त्री शब्द द्यायचे आणि त्या समीकरण करायच्या. आज उलटं होतं. समीकरण पुढ्यात होतं, शब्द मिस्त्रींना शोधायचे होते.

त्यांनी ते मशीनसारखं हाताळायचं ठरवलं. जे ओळखीचं आहे तिथून सुरुवात. ८ × ६००. आठ वेळा सहाशे. हे ओळखीचं वाटलं. बोलण्याच्या व्यायामाला येणारी ती मुलगी दर महिन्याला त्यांच्याच हातून हे पैसे नेत होती. मग नऊ हजार सापडले, मग औषधं, मग घरखर्च. अठरा हजार चारशे तर शाळेतून दरमहा यायचे. रविवारी लेकीने एकदाच वाचलेले आकडे होते हे, आणि बाईंच्या डोक्यात ते एकही न सांडता जमा झाले होते.

म्हणजे हे इथलं उदाहरण होतं. लेकीकडे गेल्यावरचं नव्हे. नऊ हजार फक्त इथे राहिल्यावरच लागणार होते.

मिस्त्रींनी बोट उरलेल्या एका अक्षरावर ठेवलं. क्ष. बाईंच्या निवृत्तिवेतनाशेजारी, अधिकच्या चिन्हाने जोडलेला. दुसरं कोण असणार? त्यांना तो क्ष दिसलाच, तेलकट हातांचा, चष्मा कपाळावर चढवलेला. "हा मी ना?" ते म्हणाले. "माझी काळजी करतेस होय? अगं, माझं काय, मी राहीन. दुकान आहे. जेवण काय, दोन माणसांचं केलं काय नि एकाचं केलं काय. तू तिकडे नीट बरी हो."

बाईंनी लाल पेन उचललं आणि त्यांच्या बोटाच्या अगदी जवळ, नखाला शाई लागेल इतक्या जवळ, एक लहानशी फुली मारली.

मिस्त्री फुलीकडे बघत राहिले. मग बाईंकडे. बाईंचे ओठ हलले, काहीतरी चाचपलं आणि बाहेर आलं ते "बरं" होतं. पण भुवया छत्तीस वर्षांपूर्वीच्याच होत्या, आणि त्यामागचं वाक्य मिस्त्रींना तोंडपाठ होतं. अक्षर म्हणजे माणूस नव्हे. माणसाच्या खिशातला आकडा.

त्यांनी बोट हळूच मागे घेतलं.

आता कळलं की बाईंनी दोन्ही कार्डं का सारली. एखाद्या मुलाने अर्धवट दिलेल्या उदाहरणाचं उत्तर ठोकून दिलं, तर त्या त्याला रागवायच्या. माहिती अपुरी असेल तर तसं लिहा, अंदाजपंचे उत्तर देऊ नका. इथे राहायचं की नाही, हे त्या ठरवू शकत नव्हत्या, कारण एक आकडा कुणी त्यांना दिलाच नव्हता. आणि ज्याच्याकडे तो होता तो गृहस्थ चार वर्षं "चाललंय" म्हणत होता.

मिस्त्री उठले. पाणी पिऊन आले. दुकानात जाऊन उगाच एका मशीनचं चाक फिरवलं. आता कोण कपडे घरी शिवतं, कोण मशीन दुरुस्त करतं. बिघडली की नवी आणतात. दिवसदिवसभर दुकानाच्या पायरीवर सावलीखेरीज काही चढत नसे. बाई शाळेत जायच्या तेव्हा हे लपवणं सोपं होतं. आठ महिने त्या शेजारच्या खोलीतच बसून होत्या, उघड्या दारातून दुकानातली शांतता ऐकत. त्यांना अंदाज नसेल असं थोडंच होतं. पण अंदाजावर बाई कधीच काही लिहीत नसत.

परत येऊन ते खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसले. कपाटाकडे बघत बोलले. "तीन हजार शंभर. बऱ्या महिन्यात. गेल्या महिन्यात तेवढेही नाहीत, पण सरासरी धर तीन हजार शंभर." आणि थोड्या वेळाने, "वरचे माझ्या शिलकीतून घालत होतो. ती आता संपत आली."

त्यांना वाटलं, बाई आता डोळे मिटून घेतील. बाईंनी वही ओढली. क्ष = ४३००, असं लिहिलं; इतके हवे होते. त्याखाली ३१००. वजाबाकी करायची त्यांना गरज नव्हती. क्षणभर पेन हवेत राहिलं. मग त्यांनी वरच्या ओळीतला ८ खोडला आणि त्या जागी ६ लिहिला.

महिन्याला दोन वेळांचे व्यायाम कमी. बाराशे. दोन्ही बाजू बरोब्बर जुळल्या.

"हे चालायचं नाही," मिस्त्री म्हणाले. "दुसरं काहीही खोड. बोलणं खोडायचं नाही." त्यांनी ६ वर आपला अंगठा ठेवला, आणि बाईंनी तो अंगठा उचलून बाजूला केला, आणि मग सोडलाच नाही.

बॅग त्याच संध्याकाळी माळ्यावर गेली आणि शनिवारपर्यंत तिथेच राहिली.

लेक दहाच्या सुमाराला आली. आत येताच तिने सामान कुठेय ते विचारलं. मिस्त्रींनी तिच्या हातात वही दिली आणि म्हणाले, आधी हे सोडव. तिला वाटलं, डब्यातलं काहीतरी. उभ्या उभ्याच वाचलं. मिस्त्रींना जे करायला अर्धी दुपार लागली होती ते तिने अर्ध्या मिनिटात केलं आणि मग खाली बसली.

"हे आईने लिहिलं? स्वतःहून?"

"स्वतःहून. मी चिठ्ठी वाचत होतो तर मला गप्प केलं."

"आणि तीन हजार शंभर हे..."

"ते मी सांगितलं. खरे आहेत."

लेकीने मग बापाला बरंच ऐकवलं, पण आवाज न चढवता: इतकी वर्षं तिला हे का कळू नये, ती काय परकी आहे, आणि रविवारीच सांगितलं असतं तर आठवडाभर तिने कुढून काढला नसता. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं. शेवटी ती आईकडे वळली आणि खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. केंद्रात रोज व्यायाम मिळतील, इथे नाही, हे तिने पुन्हा एकदा सांगितलं. त्याने बराच फरक पडू शकतो, हेही. "तरी इथेच?"

"हो," बाई म्हणाल्या.

तिघांनाही त्या "हो"ची किंमत माहीत होती. बाईंनी मग वहीवर, त्या समीकरणावर, बोटाने दोनदा टकटक केलं. फळ्यावर करायच्या तसं.

लेकीने डोळे पुसले. पर्समधून पेन काढलं. सहाचा पुन्हा आठ केला. मग डाव्या बाजूला, क्षच्या जागी ३१०० लिहून, त्यापुढे + १२०० असं लिहिलं आणि म्हणाली, "हे माझे. आणि मी सांगेन ते रोजचे व्यायाम बाबांनी घ्यायचे. तीन महिने बघू. मग पुन्हा मांडू."

बाईंनी डावी बाजू तपासली. उजवी तपासली. लेक आहे म्हणून सूट नव्हती. ओठ हलवत पुन्हा एकदा बेरीज केली. बावीस हजार सातशे, बावीस हजार सातशे. मग लाल पेनाने शेजारी बरोबरची खूण केली, लांब शेपटीची.

मदतनीस बाईंनी चहा टाकला. लेक गाडीत ठेवलेली औषधं आणायला बाहेर गेली. मिस्त्रींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वहीचं पान उलटलं, पेन्सिल घेतली आणि दुरुस्त केलेल्या मशीनवर किंमत लिहावी तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं: न + ब + ल = घर. लिहून झाल्यावर वही बाईंपुढे सरकवली आणि दुसरीकडे बघू लागले.

बाईंनी वाचलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच तो शब्द जिथे पडायला हवा तिथे पडला. लाल पेन हातात घेतलं. मिस्त्री फुलीची वाट बघत होते. पेन कागदावर बराच वेळ हललं.

लेक औषधांची पिशवी घेऊन आत आली आणि दोघांच्या डोक्यांवरून वहीत डोकावली. तिथे समासात लिहिलं होतं: १½/२. दोनपैकी दीड.

"अर्धा का कापला?" मिस्त्री म्हणाले.

शाळेत आईने असा अर्धा मार्क लेकीचाही कितीदा कापला होता. पैसे की मीटर की किलो, काही न लिहिता नुसताच आकडा सोडला की.

"एकक लिहिलं नाहीत, बाबा," ती म्हणाली.